बोअर फुटात, पंप मीटरात

सातबारा हेक्टर-आरमध्ये, शेताचा सौदा एकरात, बोअर फुटात, मोटार एचपीत आणि ठिबकची नळी 16 एमएम. खान्देशातल्या कुठल्याही मळ्यात जा, हाच संसार. पंप-पाइपच्या धंद्यात असल्यामुळे हे सगळं जुळवून देणं माझ्या वाट्याला येतं. म्हणून स्पष्टच बोलतो: बाकी काहीही जुनं ठेवा, पाण्याचा हिशेब मीटरातच करा.

गिऱ्हाईक येतं. "भाऊ, बोअर तीनशे फूट शे, पाच एचपी दे." पण नुसत्या एचपीवरून पंप ठरत नाही. त्याच पाच एचपीत जास्त स्टेजचा, म्हणजे आत एकावर एक जास्त पंखे असलेला, पंप पाणी उंच चढवतो पण कमी देतो, कमी स्टेजचा उलट. मी विचारतो, पाणी कितीवर आहे? दोनशे चाळीस फुटांवर. म्हणजे 73 मीटर. पंपाच्या पाटीवर हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवेल ते, मीटरातच असतं. आता 10 मीटर उंचीचं पाणी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो दाब. ठिबकला फिल्टरसकट दोन किलो धरा, आणखी 20 मीटर झाले. 93, वर पाइपातलं घर्षण. शाळेतलं पोरगंही तोंडी करेल. हेच फूट आणि पीएसआयमध्ये, म्हणजे दाबाच्या इंग्रजी मापात, करायचं तर दर पीएसआयला 2.31 फूट, बसा गुणाकार करत!

पाइपाचं तर विचारूच नका. 110 एमएमच्या पीव्हीसीला आपण चार इंची म्हणतो, जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाच्या, चार इंचीलाही तेच. पण पीव्हीसीचे 110 बाहेरून मोजलेले, आणि जीआयचा चार इंची बाहेरून भरतो 114. एकमेकांत बसत नाहीत. मग सायकलची ट्यूब गुंडाळा, तार आवळा, आणि अर्धं पाणी बांधावर.

"आमचे आजोबा फुटातच विहिरी खणायचे, काय बिघडलं?" काहीच नाही. मोटेला कंपनीची पाटी नव्हती, नाडा विहिरीएवढा असला की झालं. सगळं एकाच मापात होतं.

सवय सुटत नाही हेही मला पटत नाही. तोळा 11.66 ग्रॅमचा होता. आज जळगावच्या सराफाकडे तोळा म्हटलं की 10 ग्रॅम, आणि ते घरातल्या म्हातारीलाही ठाऊक आहे.

बोअरवाला फुटावरच भाव लावणार, लावू द्या. त्याचे पैसे चुकते करा, पाण्याच्या पातळीला 3.28 ने भागा आणि तो आकडा महिन्यासकट स्टार्टरच्या पेटीत आतून लिहून ठेवा. मे महिन्यात पुन्हा मोजा. पंप बदलायला दुकानात याल तेव्हा एचपी नंतर सांगा, आधी हे दोन आकडे सांगा.