सवलत आहे, पण तुमच्या टेबलाला नाही

सवलतीच्या ॲपवरून केलेल्या आठच्या बुकिंगला पावणेआठला पोचलेल्या माणसांना पाऊण तास बारपाशी उभं ठेवायचं, साडेआठला टेबल द्यायचं आणि बिल आणल्यावर सांगायचं, "सर, ४० टक्के सूट सव्वाआठच्या आत बसलेल्यांनाच होते." हा परवाचा प्रकार, लोअर परळच्या एका चांगल्या नावाजलेल्या रेस्टॉरंटातला.

उशीर कोणी केला? तुम्ही. बुकिंग पक्कं झाल्याचा मेसेज कोणी पाठवला? तुम्हीच. बारपाशी थांबवलंत तेव्हा "ड्रिंक काय घेणार?" असं दोनदा विचारायला माणूस होता, पण "सव्वाआठनंतर सूट जाईल" एवढं एक वाक्य सांगायला कोणी नव्हतं. मॅनेजर म्हणतो, टेबल सिस्टीममध्ये पंच होतं तिथून वेळ धरतात. मग पंच तुमच्याच माणसाने केलं ना? तर म्हणे ॲपवाल्यांशी बोला. ॲपच्या चॅटवर उत्तर येतं, रेस्टॉरंटशी बोला. तोवर जेवण पोटात गेलेलं असतं, दारात रांग असते, सोबत पाहुणे असतात. अशा वेळी सवलतीसाठी हुज्जत घालणारा माणूसच चारचौघांत कंजूष दिसतो आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्या संकोचावर हा सगळा धंदा उभा आहे. संताप त्याचा आहे.

बरं, ते ठिकाण निवडण्यातच अर्धी संध्याकाळ गेलेली असते. शहरात सवलतींचा मोसम लागला की ॲपवर दीड-दोनशे नावं दिसतात आणि प्रत्येकावर '५०%' ठळक, 'पर्यंत' बारीक. उघडून बघा. पन्नास टक्के मंगळवारी दुपारी साडेतीनला, शनिवारी रात्री साडेआठला दहा. ज्या वेळी माणसं खरोखर जेवायला जातात त्या वेळी सूट नाही. त्यानंतर कमाल मर्यादा. चौघांचं खाणं ४,००० रुपयांचं आणि सूट 'जास्तीत जास्त ५००' असेल तर ती साडेबारा टक्के झाली. मग साडेबाराच लिहा! दारू वगळून, बुफे वगळून, कॉम्बो वगळून, बाजारभावाने मिळणारी मासळी वगळून. म्हणजे ज्यासाठी त्या ठिकाणी जायचं तेच वगळून. वर माणशी कव्हर चार्ज आधी भरायचा. तो बिलात वळता होतो, पण ऐन वेळी एक जण आला नाही तर त्याचा गेला.

आणि सेवा शुल्क! दोघांनी २,४०० चं खाल्लं, निम्मी सूट मिळाली, उरले १,२००. दहा टक्के सेवा शुल्क मात्र १,२०० वर लावत नाहीत, मूळ २,४०० वर लावतात: २४०. मग १,४४० वर ५ टक्के जीएसटी, ७२. हातात बिल येतं १,५१२ चं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला स्पष्ट सांगितलं की सेवा शुल्क आपोआप बिलात घालायचं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. तरीही ते छापून येतं आणि काढायला सांगितलं की वेटरला बोलावून आपल्यासमोर उभं करतात. वेटरचा पगार देणं मालकाचं काम आहे. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, फोन लावा.

सेट मेन्यूच्या आठवड्यांबद्दल, म्हणजे ठरलेल्या दरात ठरलेले कोर्स देणाऱ्या 'रेस्टॉरंट वीक'बद्दल, तर वेगळाच राग आहे. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये पहिला रेस्टॉरंट वीक झाला तेव्हा तीन कोर्सचं दुपारचं जेवण १९.९२ डॉलरला होतं. कर आणि टिप वेगळी, पण आकडा सगळीकडे एकच. मुंबईत ही कल्पना २०१० मध्ये आली. कल्पना उत्तमच आहे, एरवी परवडत नाही तिथे माणूस एकदा जेवून येतो. पण मेन्यू बघा. शाकाहारी मेन कोर्सला मशरूम रिझोटो नाहीतर पेने पास्ता, आणि ज्या खेकड्यासाठी ते हॉटेल ओळखलं जातं तो यादीत नाही किंवा '६०० रुपये जादा'. श्रावण पाळणाऱ्याने काय करायचं? साधा हिशेब करा: सूप ३९५, मेन कोर्स ६९५, डेझर्ट ३९५, एकूण १,४८५. सेट १,३०० ला. वाचले १८५, तेही एरवी तिन्ही मागवले असते तर, आणि वाटीचा आकार तोच असेल तर. बहुतेक ठिकाणी नसतो.

पंचतारांकित हॉटेलात तर आणखी जपा. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर असलं की तिथल्या रेस्टॉरंटात जीएसटी १८ टक्के. १,५०० चा सेट मेन्यू, दहा टक्के सेवा शुल्क, त्यावर १८ टक्के: १,९४७. दादरच्या खानावळीत पापलेट थाळीचा जो दर फळ्यावर असतो तोच गल्ल्यावर घेतात. यांना ते का जमू नये?

हॉटेलवाल्यांचं दुखणं खोटं नाही. सूट बहुतांशी त्यांच्या खिशातून जाते, वर ॲपचं कमिशन. ऑगस्ट २०१९ मध्ये गुरुग्रामपासून रेस्टॉरंटांची सवलतीच्या ॲपमधून बाहेर पडायची 'लॉगआउट' मोहीम याच कारणाने सुरू झाली होती. परवडत नसेल तर खुशाल बाहेर पडा. पण यादीत नाव ठेवून सवलतीवाल्या गिऱ्हाइकाला स्वच्छतागृहाशेजारचं टेबल देऊ नका.

ॲपवरचे मेन्यूचे फोटो तर बघूच नका, दर जुने असतात. आणि ग्रुपवर "कुठेही चालेल" लिहून बुकिंग झाल्यावर "तिथे पार्किंग नाही" म्हणणाऱ्यांना पुढच्या वेळी ठिकाण निवडायला लावा.

थेट रेस्टॉरंटला फोन करा. वेळ बुकिंगची धरता की बसल्याची, मर्यादा टेबलामागे किती, सेवा शुल्क कशावर, हे तिन्ही विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. ऑर्डर देण्याआधी कॅप्टनला बुकिंग दाखवा. पैसे ॲपमधूनच भरायची अट असेल तर टेबलावर कार्ड स्वाइप करू नका, सूट तिथेच संपते. बसल्याबसल्या न विचारता पाण्याची बाटली फोडायला आले तर हात धरा. छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायची मुभा त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१७ च्या निकालाने आहे आणि ती बाटली सवलतीत कधीच बसत नाही. साधं पाणी मागा.