क्लासवाल्यांची लाल यादी

आज दुपारी शेजारची वहिनी मोबाइल घेऊन घरी आली. (तिला विचारूनच लिहितेय.) लेकाच्या दहावीच्या क्लासचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यावर गणिताच्या चाचणीची यादी, नावानिशी. वरची मुलं हिरव्यात, मधली पिवळ्यात, तळाची लाल रंगात. तिचा मुलगा लालमध्ये. खाली कुणाच्या तरी वडिलांनी टाळ्या वाजवणारा इमोजी टाकलाय. स्वतःच्या पोराचं कौतुक असेल हो, पण ते करायची जागा ही?

या मुलाच्या वडिलांची नोकरी जूनमध्ये गेली. घरात रोज वादावादी. पोरगं रात्री जिन्यात बसून अभ्यास करतं. हे सगळ्या मजल्याला माहीत आहे, क्लासला माहीत नाही. कारण कुणी विचारलंच नाही. फी थकली तेव्हा मात्र लगेच फोन आला होता.

मला आमचा दादा आठवला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात आमचे बाबा. आम्ही लालबागला चाळीत राहायचो. दादा नववीत, मी सहावीत. बीजगणितात त्याचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. पण दिवाळी यायच्या आत वाण्याने उधारी बंद केली, आईच्या पाटल्या गेल्या, बाबा दिवसभर गॅलरीत बसून राहायला लागले. दहावीच्या सहामाहीत दादाची गणितात दांडी उडाली. वर्गशिक्षकांनी त्याला उभं करून मार्क वाचले आणि म्हणाले, "गिरणीत चिकटायचा बेत आहे वाटतं? त्यासुद्धा बंद आहेत रे!" वर्ग हसला. हसणाऱ्यांतल्या कितीतरी जणांचे बाप संपावरच होते.

दादा दप्तर घेऊन घरातून निघायचा आणि परळच्या पुलावर गाड्या बघत उभा राहायचा.

आता कायदा बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम मुलांच्या मानसिक छळाला मनाई करतं. पण तो कायदा १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. म्हणजे पंधरावं लागलं की पोरं छळायला मोकळी? क्लासवाल्यांसाठी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नका, चाचणीचे निकाल जाहीर करू नका, असं त्यात चक्क लिहिलंय. वाचतो कोण! बोर्डाने स्वतःची गुणवत्ता यादी कधीच बंद केली, आणि हे गल्लीतले लोक दर शनिवारी गुणवत्ता यादी लावतात.

मार्क लागतात, मान्य. अकरावीचा कट-ऑफ कुणाच्या घरचं दुःख बघत नाही. आणि एवढ्या मोठ्या बॅचमध्ये प्रत्येकाच्या घरी काय चाललंय ते शिक्षकाने कुठवर बघावं, हेही खरं. पण लाल रंग द्यायला वेळ मिळतो ना?

दादाचे बीजगणिताचे सर एका संध्याकाळी चाळीत आले. कोरा चहा घेतला, दूध नव्हतंच. बाबांशी संपावर बोलत बसले. मार्कांबद्दल अवाक्षर नाही. उठताना दादाला म्हणाले, "उद्यापासून अर्धा तास आधी येत जा, फळा पुसायला कुणी नसतं." दादा जायला लागला. फळा पुसून झाला की सर एखादं गणित घालायचे, तेवढंच. तो काही बोर्डात चमकला नाही. साधा पास झाला, बेस्टमध्ये कंडक्टर झाला, आता निवृत्त आहे. पण शाळा सुटली नाही त्याची. दहावीचे मार्क आज त्याला सांगता येत नाहीत, गिरणीचं ते वाक्य मात्र शब्द न शब्द पाठ आहे. मघाशी फोनवर सांगताना हसत होता. मला नाही हसू आलं.

वहिनी बिचारी विचारत होती, "ताई, मोबाइलमुळे झालं असेल का हो?" मोबाइल बघतोच तो, नाही कशाला म्हणू. पण जिन्यात बसणाऱ्या पोराने दुसरं बघायचं तरी काय? तिला टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर दिलाय. फुकट आहे, मराठीत बोलतात. मुलाआधी तिनेच एकदा बोलावं असं मला वाटतं.

उद्या सकाळी दहाला आम्ही दोघी त्या सूचनांची प्रिंट घेऊन क्लासवर जातोय. यादी काढायला लावणार. सोसायटीतलं कुणी येणार असेल तर गेटपाशी या. आणि "आमच्या वेळीही असंच होतं, आम्ही घडलोच ना" असं कुणी इथे लिहू नका. आज माझं डोकं ठिकाणावर नाही.