स्टीलची प्लेट घेतली तरी शिशाचा हिशोब टळत नाही

मालवणला डायव्हिंगला जाणाऱ्या आमच्या कोल्हापूरच्या पोरांच्या फोनवर गेल्या सीझनपासून एक सल्ला फिरतोय. ‘स्टीलची बॅकप्लेट घ्या, शिसं लागतच नाही. लागलंच तर अंगाच्या वजनाच्या दहा टक्के घ्या. ते सगळं प्लेटला बोल्टनं पक्कं बसवा, कमरेला सुटं काही नको. थोडं जास्त झालं तरी काळजी नाही, मोठी विंग घ्या, ती उचलते.’ माझा भाचा हाच सल्ला पाळून पाण्यात उतरला तेव्हा मी त्याच्या शेजारी होतो. म्हणून हे लिहितोय.

नवख्यांसाठी एवढंच सांगतो: बॅकप्लेट म्हणजे पाठीवरची धातूची प्लेट, तिला पट्ट्यांचा हार्नेस ओवलेला असतो. प्लेट आणि सिलिंडर यांच्यामध्ये जी हवेची पिशवी बसते ती विंग. शिसं म्हणजे पाण्याखाली राहता यावं म्हणून अंगावर घ्यायचं वजन. हवा भरायच्या नेहमीच्या डायव्हिंग जॅकेटपेक्षा ही जोडणी मला कधीही पसंत आहे. तक्रार प्लेटबद्दल नाही, सल्ल्याबद्दल आहे.

आधी ‘शिसं लागतच नाही’ हे बघू. माझी प्लेट मी उद्यमनगरात कापून घेतली, तीन मिलिमीटर स्टेनलेस, कडा ग्राइंडरनं मारून गोल केलेल्या. घरी आणल्यावर मासे तोलायच्या लटकत्या काट्याला अडकवली: २.७ किलो. मग तशीच काट्यासकट मोरीतल्या पाण्याच्या पिंपात सोडली. काटा हळूहळू वर सरकला आणि २.३५ च्या आसपास थांबला. पाण्याखाली प्लेट आपल्याला देते ते एवढंच, बाकीचं पाणी स्वतः उचलतं. ॲल्युमिनियमची तशीच प्लेट पाण्यात अर्ध्या किलोच्या आसपासच भरते. शिसं मात्र इतकं घट्ट की किलोतलं जेमतेम नव्वद ग्रॅम पाणी खातं.

म्हणजे स्टीलच्या प्लेटमुळे सव्वादोन किलोच्या वर शिसं कमी होतं, हे खरं. पण पुढचा हिशोब सिलिंडरचा आहे. मालवणला बहुतेक वेळा आपल्या पाठीवर ॲल्युमिनियमचा अकरा लिटरचा सिलिंडर असतो. २०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरलेला असताना त्यात पावणेतीन किलोच्या आसपास हवा असते. हवेलाही वजन असतं हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. ५० बारवर येईपर्यंत त्यातली दोन किलो हवा आपण फुंकून टाकलेली असते. सुरुवातीला किंचित बुडणारा सिलिंडर शेवटी वर ओढू लागतो, आणि नेमकं तेव्हाच वर येताना पाच मीटरवर सेफ्टी स्टॉपला, म्हणजे सुरक्षेसाठीच्या थांब्याला, काही मिनिटं स्थिर थांबायचं असतं. त्यात तीन मिलिमीटरचा वेटसूट, म्हणजे अंगाला चिकटून बसणारा फोमसारख्या रबराचा पोशाख, जो खोलवर दाबला गेला होता, तो वर येताना पुन्हा फुगतो. तेव्हा प्लेट एकटी पुरली तर उत्तम. माझ्यासारख्या अंगानं भरलेल्याला पुरत नाही, मला मालवणला प्लेटवर तीन किलो शिसं लागतं.

मग हा सल्ला आला कुठून? ही जोडणी वाढली ती फ्लोरिडातल्या पाण्यानं भरलेल्या गुहांमध्ये जाणाऱ्या डायव्हर्सच्या हाती. त्यांच्या पाठीवर जोडीनं स्टीलचे मोठे सिलिंडर असायचे, ते स्वतःच जड. तिथे शिशाची गरज खरोखर कमी. तिथलं वाक्य उचलून एका ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला चिकटवलं की ते खोटं होतं.

दहा टक्क्यांबद्दल फार बोलायची गरज नाही. पाणी आपल्याला काट्यावर उभं करून तोलत नाही, ते आपण किती जागा व्यापतो ते बघतं. तालमीत घुमलेला ऐंशी किलोचा गडी दगडासारखा बुडतो आणि ऐंशी किलोचेच आमचे शेजारचे काका फुलासारखे तरंगतात. दोघांना आठ-आठ किलो देणार? शिवाय पाणी बदललं की आकडा बदलतो. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड. माणूस, सूट, सिलिंडर मिळून शंभर किलोचा डोलारा असेल तर कोल्हापूरच्या जलतरण तलावात जुळवलेल्या शिशापेक्षा मालवणला अडीच किलो जास्त लागेल. तलावात सराव करून थेट बोटीवर चढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता सगळ्यात घातक वाक्य: ‘थोडं जास्त झालं तरी काळजी नाही.’

भाच्यानं प्लेटला सहा किलो लावलं होतं. बोटीवरच्या पोरानं ‘पहिलीच वेळ आहे, असू दे’ म्हणत आणखी दोन किलो त्याच्या खिशात घातलं. त्याला गरज होती दोनाची. पाण्यात उतरल्यावर तो सरळ तळाला वाळूवर जाऊन बसला, गढूळ उडालं. मग त्यानं विंगमध्ये हवा भरली, वर सुटला, घाबरून हवा सोडली, पुन्हा खाली. पाय खाली, डोकं वर, पायांनी सतत सायकल मारल्यासारखं. वीस मिनिटांत त्याचा सिलिंडर ५० बारवर आला, माझा १२० वर होता. वर आल्यावर तो बोटीच्या काठाला धरून काहीच बोलला नाही. रंकाळ्यात पोहून मोठा झालेला पोरगा.

त्याचं कारण साधं आहे. जास्तीच्या प्रत्येक किलोमागे विंगमध्ये एक लिटर हवा भरावी लागते. सहा किलो जास्त म्हणजे पाठीवर सहा लिटरचा बुडबुडा. दहा मीटरवरून पाच मीटरवर आलं की दाब २ बारवरून दीडवर येतो आणि तो बुडबुडा आठ लिटरचा होतो. म्हणजे आपण काहीही न करता दोन किलोचा धक्का वरच्या दिशेनं. हे खोल समुद्रात नाही, उथळ पाण्यात सगळ्यात जोरात होतं, आणि किल्ल्याजवळचं आपलं पाणी उथळच. मोठी विंग घेतली की दुखणं जात नाही, बुडबुड्याला फक्त जागा जास्त मिळते.

राहिलं ‘सगळं पक्कं बसवा’. इथे मी पूर्ण विरोधात नाही. दोन-तीन किलो शिसं असेल, सूट पातळ असेल, तर ते प्लेटवर किंवा सिलिंडरच्या पट्ट्यावरच्या छोट्या खिशांत असलेलं चांगलं, वजन पाठीवर पसरतं आणि पाय बुडत नाहीत. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचं बूड शेवटी हलकं होतं, म्हणून काहींना खालच्या पट्ट्यावर एखादा किलो सोयीचा जातो, तो करून बघूनच ठरवायचा.

पण विंग फाटली किंवा हवा भरायचा पाइप निसटला तर? सुरुवातीला, भरलेल्या सिलिंडरनिशी, तळावरून फक्त पायातले फिन (पोहायचे पंख) मारून वर येता यायला हवं. नीट वजन जुळवलेल्या माणसाला ते दोन-तीन किलोचं ओझं ओढता येतं. सहा-सात किलोचं नाही. म्हणून जाड सूट आणि जास्त शिसं असेल तर त्यातला काही भाग टाकता येईल असा हवा. सगळंच टाकता येईल असं ठेवणंही चूक, कारण एका झटक्यात सगळं सुटलं तर माणूस बुचासारखा वर उसळतो. आणखी एक गोष्ट. मालवणच्या छोट्या बोटींवर चढताना बरेचदा पाण्यातच हार्नेस काढून वर द्यावा लागतो. सगळं शिसं प्लेटवर असेल तर हार्नेस खाली ओढतो आणि सूटमधले आपण वर तरंगतो. विंग फुगवल्याशिवाय बकल सोडायचं नाही.

वेट बेल्ट, म्हणजे कमरेला बांधायचा शिशाचा पट्टा, वापरणाऱ्यांची एक हमखास चूक: आधी बेल्ट बांधतात, वरून हार्नेस चढवतात. मग दोन पायांमधून येणारा पट्टा बेल्टच्या बाहेरून जातो. ऐनवेळी बकल उघडलं तरी बेल्ट त्या पट्ट्यात अडकून राहतो. बेल्ट त्या पट्ट्याच्या वरून, सगळ्यात शेवटी बांधायचा. आणि हौसेनं घरच्या शेगडीवर शिसं वितळवू नका. त्याचा धूर आणि धूळ विषारी, पाण्याचा थेंब पडला तर वितळलेलं शिसं अंगावर उडतं. कोल्हापुरात फाउंड्रीवाले काय कमी आहेत का?

भाच्याचं वजन आम्ही दुसऱ्या दिवशी जुळवलं. सिलिंडर ५० बारवर आल्यावर तीन मीटरवर, बोटीच्या दोरीजवळ, विंग पूर्ण रिकामी करून, शांत श्वास घेत थांबायचं. श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली. बुडत असलात तर शिसं काढा, वर जात असलात तर घाला, एका वेळी एकच किलो. तीनदा केलं. दोरीला हात न लावता तो दोन मिनिटं तिथे आडवा राहिला, खाली वाळू अजिबात उडाली नाही. परतताना फोंडा घाटात चहाला थांबलो, तेव्हा त्यानं वहीत लिहिलं: मालवण, ३ मिमी सूट, ॲल्युमिनियम सिलिंडर, स्टील प्लेट, शिसं २ किलो.