काका आणि कारलं

नाश्त्यानंतर दोन तासांनी रक्त द्यायचं म्हणून लॅबच्या बाकावर बसलो होतो. शेजारच्या काकांनी माझा मागचा रिपोर्ट हातातून ओढून घेतला आणि कीर्तनकाराच्या आवाजात वाचला, "उपाशीपोटी साखर १४८!" अख्खा बाक माझ्या पोटाकडे बघायला लागला.

काकांनी मधुमेहावर उपाय म्हणून पिशवीतून विजयसार झाडाचा लाकडी पेला काढला. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी प्यायचं. जोडीला कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, गुडमार नावाच्या वेलीची पानं. गुडमार मीही चघळून पाहिलंय. त्यावर साखर खाल्ली तर वाळू लागते, इतकी गोडाची चव जाते. पण रक्तातल्या साखरेला जीभ नसते, हे काकांना कोण सांगणार?

"कारल्यावर २०१२ साली कॉक्रेनचा, म्हणजे औषधांच्या चाचण्या पडताळणाऱ्या संस्थेचा, आढावा निघालाय," मी म्हणालो. "चार चाचण्या, मिळून ४७९ माणसं. पुरावा अपुरा."

"चारशे एकोणऐंशीच? आमच्या सोसायटीत याहून जास्त लोक रस पितात."

"त्यांचं एचबीएवनसी तपासलं? रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी कळते त्यात."

"तपासायला ते काय आजारी आहेत?"

यावर काय बोलणार? मग त्यांनी माझ्या मधुमेहाच्या गोळीला, मेटफॉर्मिनला, 'केमिकल' म्हटलं आणि माझी सटकली. म्हटलं, काका, ही गोळीसुद्धा गॅलेगा नावाच्या झुडपातल्या द्रव्यावरून सुचलेली आहे. फरक इतकाच, की १९५७ साली फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी ती मधुमेहींना देऊन परिणाम छापला, आणि पुढेही लोक ती मोजत राहिले, डोस ठरवत राहिले.

काका उभेच राहिले. "ऐकलंत? झाडपाल्याचंच औषध! साहेब स्वतः कबूल करतायत!" समोरच्या बाईंनी पेल्याची किंमत विचारली.

एवढ्यात काकांचा नंबर लागला. काउंटरवरून विचारणा झाली, "उपाशी आहात ना?"

"अगदी. रस सोडला तर पाणीही नाही."

"काका, रस चालत नाही. उद्या या."

"उद्याही रस घेणारच की!"

मग रस हे अन्न की औषध, यावर काउंटरवर इतका वेळ खल झाला की माझी दोन तासांची वेळ टळली. "सर, आता नाही घेता येणार. तुम्हीही उद्या या." म्हणजे पुन्हा सुई, पुन्हा नाश्ता, पुन्हा अर्धी रजा. काकांचं काय, ते निवृत्त आहेत.

मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी रिक्षाच्या पाठीवर रोज तीच वाचतो. आणि काका तर जाहिरातही नाहीत. ते फुकट सल्ला देतात, पेल्याचे पैसे वेगळे. गोळ्यांसोबत असलं काही घेऊन भरदुपारी साखर घसरली, घाम फुटून हात थरथरायला लागले, तर सोसायटीतला एकही रसवाला अँब्युलन्समध्ये बसणार नाही.