क्रूझ विकणाऱ्यांनो, चढण्याच्या दिवसाबद्दल बोला ना!

आज संध्याकाळी नागपुरात प्रतापनगरला ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये एका टूरवाल्याचा क्रूझचा कार्यक्रम होता. आईला सोडायला गेले, थांबले, आणि आता रात्रीचे साडेअकरा वाजून राहिले तरी डोकं शांत होत नाहीये म्हणून लिहिते आहे. लांब होईल. वाचा.

तासभर त्या माणसाने पडद्यावर काय दाखवलं तर स्विमिंग पूल, कॅसिनो, स्टेजवरचे डान्स आणि बुफेवरचं कोरलेलं कलिंगड. समोर बसलेले लोक सत्तरीच्या पुढचे, कित्येकांनी समुद्र फक्त चौपाटीवरून पाहिलेला. मग एका काकाजींनी हात वर करून विचारलं, की बेटा, जहाजात चढायच्या दिवशी नेमकं काय काय होते, आपलं सामान कुठे जाते? इतका साधा प्रश्न. तर हा हसला. "काकाजी, तुम्ही फक्त एन्जॉय करायचं, टेन्शन आमच्यावर सोडा." मागचे दोन-चार जणही हसले आणि काकाजी गप खाली बसले. मला इतका राग आला ना त्या वेळी, की माईक हिसकून घ्यावासा वाटला. सत्तर वर्षांच्या माणसाला सगळ्यांसमोर गप्प बसवायचं, आणि तेही त्याने योग्य तोच प्रश्न विचारला म्हणून!

तो प्रश्न योग्य होता हे मला माझ्या मोठ्या आईमुळे माहीत आहे. मोठी आई आणि मोठे बाबा असेच एका ग्रुपसोबत मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर गेले होते, मीही सोबत होते. बुकिंग ज्याच्याकडे केलं त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या सूचनांत काय होतं? एका रात्री सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे, एका रात्री पार्टीवेअर. औषधांबद्दल एक ओळ नाही. बंदरावर टॅक्सीतून उतरलो तोच पोऱ्यांनी मोठ्या बॅगांना केबिन नंबरचे टॅग लावले आणि बॅगा गेल्या. मोठी आई घाबरून त्यांच्या मागे चार पावलं चालत गेली. तिचं इन्सुलिन त्या बॅगेत होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जहाजात मोठी बॅग आपण न्यायची नसते, ती बाहेरच द्यायची, ती एक्सरे मशीनमधून जाते आणि मग केबिनच्या दारात येऊन पडते, कधी दुपारी, कधी पार रात्री. हजार-दोन हजार माणसांचं सामान असते, वेळ लागणारच, त्यात त्यांची चूक नाही. पण म्हणूनच औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, आयडी, चार्जर, एक बदलायचा ड्रेस हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत ठेवायचं असते. हे एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो हो? कलिंगडाच्या फोटोपेक्षा कमीच लागतो.

आणि केबिनही लगेच मिळत नाही बऱ्याचदा. साफसफाई चालू असते, दुपारी एक-दोन वाजता उघडतात. तोपर्यंत बुफे चालू असतो, तिथे बसून जेवायचं, ते तिकिटात आलेलं असते. मोठी आई तासभर उपाशी खुर्चीवर बसून होती, कारण तिला वाटलं रूम मिळाल्याशिवाय जेवायला जायचं नसते आणि विचारायची लाज वाटत होती. शुगरची पेशंट! मी काउंटरच्या रांगेतून मोठ्या बाबांचं कार्ड घेऊन आले तेव्हा तिचा चेहरा पाहिला आणि आधी तिला जेवायला नेलं.

कार्डाचंही तसंच. चेक-इनला फोटो काढतात आणि प्लास्टिकचं एक कार्ड देतात. तीच दाराची किल्ली, तीच ओळख, तेच पाकीट. जहाजावर नोटा चालत नाहीत, जे घ्याल ते कार्डावर चढते आणि शेवटच्या दिवशी बिल येते, त्यात बऱ्याच जहाजांवर माणशी रोजचा सर्व्हिस चार्जही असतो. बुकिंगच्या वेळी हे विचारून घ्या, नंतर भांडून उपयोग नाही.

आता नागपूरकरांसाठी खास. आपण मुंबईपासून आठशेवर किलोमीटर दूर राहतो. आपले लोक रात्रीची दुरांतो किंवा विदर्भ पकडतात, सकाळी सीएसएमटीला उतरतात आणि त्याच दिवशी जहाजात चढायचं ठरवतात. सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर, म्हणजे जिथे जहाजात चढतात ते बंदर, अगदी जवळ, टॅक्सीने दहा मिनिटं, त्यामुळे कागदावर सगळं छान दिसते. पण गाडी कसारा-कल्याणकडे दोन तास अडकली तर? जहाज कोणासाठी थांबत नाही. प्रवाशांची यादी आधीच बंद करावी लागते, त्यामुळे सुटायच्या बऱ्याच आधी चेक-इन बंद होते, आणि नंतर तुम्ही गेटवर रडा नाहीतर पाया पडा. आणि गाडी वेळेवर आलीच तर सकाळपासून दुपारपर्यंत हे म्हातारे लोक सामान घेऊन बसणार कुठे? एक दिवस आधी जा. हो, हॉटेलचा एक रात्रीचा खर्च वाढतो, मान्य आहे, मुंबईत स्वस्त काही नसते. तरी एक दिवस आधीच जा.

परत त्या बॅगेवर येते, कारण तो प्रकार तिथे संपलाच नाही. संध्याकाळचे सात वाजले, शेजारच्या सगळ्या केबिनसमोर बॅगा आल्या, आमची नाही. आठ वाजले. जेवणाआधी इन्सुलिन घ्यायचं असते, ती जेवेना. मी रिसेप्शनला गेले, तिथून खाली पाठवलं, तिथे कळलं की बॅग सिक्युरिटीने बाजूला काढून ठेवली आहे. का? तर मोठ्या आईने त्यात तिचे लहानसे देव, निरांजन, कापूर, उदबत्ती आणि काडेपेटी ठेवली होती. जहाजावर उघडा विस्तव चालत नाही. मेणबत्ती, उदबत्ती, कापूर, इस्त्री, पाणी गरम करायचं कॉइल, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, काही चालत नाही. आणि ते बरोबरच आहे, समुद्रात आग लागली तर अग्निशमनची गाडी येणार कुठून, तिथली माणसंच विझवणार. मला नियमाचा राग नाही. राग याचा आहे की पासष्ट वर्षं रोज सकाळी दिवा लावणाऱ्या बाईला हे घरून निघताना कोणी सांगितलं नाही, आणि मग तिला खाली नेऊन, बॅग उघडायला लावून, चार अनोळखी गणवेशातल्या लोकांसमोर तिचे देव टेबलावर मांडले गेले. ती काही बोलली नाही. मला आजही ते आठवलं की घशाशी येते.

तिथे एक गोव्याचा मुलगा होता ड्युटीवर. त्याने हातमोजे काढले, देव तिच्याच रुमालात नीट गुंडाळून तिच्या हातात दिले, काडेपेटी, कापूर आणि उदबत्तीची पावती केली, आणि कोकणी-मराठीत म्हणाला, मावशी, हे उतरताना परत मिळते, हात जोडायला दिवा लागत नाही. इन्सुलिन त्याने स्वतः वर आणून दिलं आणि केबिनमधला छोटा फ्रिज चालू आहे का ते पाहून गेला. त्या पोराने जे दोन मिनिटांत केलं ते आमच्या बुकिंगवाल्याला दोन महिन्यांत जमलं नाही.

लोक म्हणतील, कंपनीच्या साइटवर सगळं लिहिलेलं असते. असते. इंग्रजीत, पानंच्या पानं, बारीक अक्षरांत. मोठ्या आईने ते वाचायचं का? आणि जो माणूस तिच्याकडून पैसे मोजून घेतो त्याने काय फक्त मोजायचं?

केबिनबद्दलही तोच खेळ. "स्वस्तात मस्त" म्हणून सगळ्या म्हाताऱ्यांना आतली केबिन देऊन टाकतात. आतली म्हणजे खिडकी नाही. लाईट बंद केला की हाताला हात दिसत नाही. मोठी आई रोजच्या सवयीने पहाटे उठली आणि तिला कळेना की रात्र आहे की सकाळ आहे, आपण कुठे आहोत. बाथरूमच्या दाराशी उंच उंबरा असतो, त्यावर पाय अडकून ती पडतापडता वाचली. आणि फ्लशचा आवाज! व्हॅक्यूमने ओढतात, एकदम स्फोट झाल्यासारखं होते, ती दचकून किंचाळलीच. हे आधी माहीत असलं की काहीच नाही वाटत. दुसऱ्या दिवशी मी बाथरूमचा लाईट चालू ठेवून दार थोडं उघडं ठेवलं, तेवढ्यानेच ती शांत झोपली. बऱ्याच जहाजांवर टीव्हीवर पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल असते, आवाज बंद करून ते लावून ठेवलं तरी बाहेर उजाडलं की कळते. आणि लांबच लांब कॉरिडॉर, सगळी दारं एकसारखी, म्हणून दारावर एक चुंबक लावा, आपला संत्र्याचा असेल तर उत्तम, जहाजाच्या भिंती-दारं बहुतेक लोखंडी असतात, चिकटते. मोठे बाबा त्यावरूनच केबिन ओळखत होते.

जहाज हलते का? हलते. मोठं जहाज असल्यामुळे जितकं वाटते तितकं नाही, पण हलते. सगळ्यात कमी हलते ते मधोमध आणि खालच्या मजल्यावर, आणि एजंट तुम्हाला वरचा मजला जास्त पैशात विकणार. उलटीची गोळी, स्टुजेरॉन म्हणा अ‍ॅव्होमिन म्हणा, त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर पोटात टिकत नाही. पण आपल्या डॉक्टरांना विचारून, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच विचारून. जहाजावर डॉक्टर असतो, फुकट नसतो. आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका, किनारा सुटला की जहाजाचं सॅटेलाइटवालं नेटवर्क पकडते आणि ते तुमच्या रिचार्जमध्ये नसते. आमच्या ग्रुपमधल्या मामाजींनी नातवाला समुद्र दाखवायला व्हिडिओ कॉल केला होता, महिनाभराने बिल पाहून ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त टोचते. जहाज सुटायच्या आधी भोंगा वाजतो. सात आखूड आणि एक लांब. तेव्हा हातातलं सगळं सोडून कार्डावर लिहिलेल्या जागेवर जायचं असते, लाईफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात, जीव वाचवायची तुमची बोट कोणती ते सांगतात. यालाच ड्रिल म्हणतात. आमच्या ग्रुपचा जो लीडर होता तो म्हणाला, "अरे, ते फॉर्मॅलिटी आहे, तुम्ही भजी खा." फॉर्मॅलिटी! 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या जिलिओ बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं क्रूझचं जहाज खडकावर आपटून आडवं झालं, 32 माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची ड्रिल दुसऱ्या दिवशी ठेवलेली होती, तेव्हाच्या नियमात चोवीस तासांची मुभा होती. त्यानंतर जगभराचा नियम बदलला, 1 जानेवारी 2015 पासून ड्रिल जहाज सुटण्याआधी नाहीतर सुटताच झालीच पाहिजे. इतकी माणसं गेली तेव्हा हा नियम आला, आणि हा गृहस्थ आपल्या म्हाताऱ्यांना भजी खायला सांगतो!

मोठी आई गेली बरं का. गुडघे दुखत होते, लिफ्टला गर्दी होती, तरी मोठ्या बाबांचा हात धरून गेली आणि शेवटपर्यंत उभी राहिली. जॅकेट दाखवणाऱ्या मुलीला तिने मराठीतच विचारलं की माझी जागा कोणती, आणि ती मुलगी तिला हाताला धरून तिथे घेऊन गेली. ज्या बाईला लोक "आजींना काय कळते" म्हणत होते ती त्या ग्रुपमध्ये एकटी अशी होती जिला रात्री भोंगा वाजला असता तर कुठे जायचं ते पाठ होतं.

आणि नका समजू मी क्रूझच्या विरोधात आहे. मोठी आई तिसऱ्या दिवशी डेकवर बसून अनोळखी गुजराती बायकांना पुडाच्या वडीची रेसिपी सांगून राहिली होती, इतकी खुलली होती. जेवण चांगलं, जैनसुद्धा मिळते, चढ-उतार नाही, रोज बॅग भरायची नाही. म्हाताऱ्या माणसांसाठी याच्याइतका सोयीचा प्रवास मला तरी दुसरा माहीत नाही. जावंच त्यांनी. आयुष्यभर पोरांच्या फिया आणि घराचे हप्ते भरले, आता दोन पैसे हातात आहेत तर समुद्र पाहू द्या ना त्यांना. फक्त पहिला दिवस त्यांना आधी समजावून सांगा, मराठीत, खुर्ची ओढून समोर बसून, आणि प्रश्न विचारला तर हसू नका.

आमच्या एरियातल्या बऱ्याच जणांनी आज हॉलमध्येच डिसेंबरसाठी अ‍ॅडव्हान्स भरला आहे, माझ्या आईनेही. म्हणून सांगते, रविवारी संध्याकाळी पाचनंतर मी घरीच आहे, ज्यांचं बुकिंग झालं असेल त्यांनी या, चहा घेऊ आणि बॅगेत काय ठेवायचं काय नाही ते एकेक करून पाहू. मुलं-सुना सोबत आल्या तर आणखी चांगलं. जहाजाच्या मजल्यांचा नकाशा मी प्रिंट काढून ठेवते, त्यात तुमची केबिन मधोमध आहे की टोकाला ते दाखवता येईल. तुम्ही फक्त एजंटला फोन करून केबिन नंबर मागून घ्या, आणि खिडकी आहे की नाही तेही त्याच्याकडून लेखी घ्या, बदलून हवी असेल तर आताच बोलावं लागेल.