आनेके यान्स: ना राजाची नात, ना मॅनहॅटनच्या जमिनीचा वारसा

अमेरिकेतल्या डच घराण्यांच्या वंशावळीत एक दावा पिढ्यान्‌पिढ्या फिरतो आहे: १६३० साली तिकडे गेलेली आनेके यान्स ही डच राजपुत्र विल्यम ऑफ ऑरेंजची नात, आणि मॅनहॅटनमधली ट्रिनिटी चर्चची जमीन तिच्या वंशजांची. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

आधी राजरक्ताचं बघू. १६२३ मध्ये ॲमस्टरडॅमला तिच्या आणि रूलोफ यान्सनच्या लग्नाची नोंद झाली. त्यात तिचं मूळ गाव नॉर्वेतलं फ्लेकरॉय आहे. तिची आई न्यू ॲमस्टरडॅममध्ये (म्हणजे आजच्या न्यूयॉर्कमध्ये) डच वेस्ट इंडिया कंपनीची पगारी सुईण होती. दाव्यात बापाचं नाव वोल्फर्ट सांगतात. पण यान्स म्हणजे यानची मुलगी, वोल्फर्टची नव्हे. यावर उत्तर येतं की विल्यमने आपला हा मुलगा जगापासून लपवला होता. का लपवेल? याच विल्यमने युस्टिनुस हा अनौरस मुलगा उघडपणे आपला मानला, वाढवला. तो पुढे ब्रेडा या डच शहराचा गव्हर्नर झाला.

आता जमीन. रूलोफला १६३६ मध्ये सुमारे ६२ एकर मिळाली, हे खरं. पण आनेकेच्या वारसांनी १६७१ मध्ये ती तिथला इंग्रज गव्हर्नर लव्हलेसला विकली, पुढे ती इंग्लंडच्या राजसत्तेकडे आली, आणि १७०५ मध्ये इंग्लंडच्या राणी ॲनने ती चर्चला दिली. विक्रीखतावर एका मुलाच्या वारसांची सही नव्हती, तेवढ्या धाग्यावर खटले चालत राहिले. १८४७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने चर्चचा दीर्घकाळचा कब्जा ग्राह्य धरून दावा फेटाळला. तरीही ‘वारसांची नोंदणी’ म्हणून भोळ्या लोकांकडून वर्गण्या उकळल्या गेल्या. संताप येतो तो याचा.

वंशावळ खरंच लावायची असेल तर साधनं भक्कम आहेत. आनेकेचं १६६३ चं मृत्युपत्र उपलब्ध आहे. त्यात रूलोफपासूनच्या आणि तिच्या दुसऱ्या लग्नाच्या, अशा दोन्ही लग्नांच्या मुलांची नावं आहेत, काही नातवंडांना चांदीचा एकेक पेलासुद्धा दिला आहे. स्वतःपासून एकेक पिढी मागे जात त्या मुलांपैकी कुणापर्यंत तरी पोचायचं. न्यू ॲमस्टरडॅमच्या डच चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी १६३९ पासून आहेत. त्यात साक्षीदारांचीही नावं असतात, आणि ते बहुतेकदा घरचेच: मामा, आत्या, आजी. एकाच नावाच्या दोन माणसांतला कोण आपला, हे बरेचदा तिथेच कळतं.