एका वर्षाचं अंतर

आबांचा फोन रविवारी येतो, इथे इंग्लंडात मी चहा घेत असतो तेव्हा. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. पाटण तालुक्यात कोयनेच्या खोऱ्यात आमचं घर, आणि घराच्या पाठीमागे लगेच डोंगर. पश्चिम घाटाच्या 'इको-सेन्सिटिव्ह', म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्राचा सरकारी मसुदा जुलै २०२४ मध्ये सहाव्यांदा निघाला, आणि तेव्हापासून आमच्या फोनवर दुसरा विषयच उरलेला नाही. "यादीत गाव हाय. म्हंजे आता गोठ्यावर पत्रा टाकायचा तरी इचारायला लागंल का रं?" मी समजावतो की आबा, तसं नाही, बंदी खाणींवर आहे, प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर आहे, वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांवर आहे, तुमचा गोठा त्यात बसत नाही. त्यावर आबा म्हणतात, "साउदॅम्प्टनात बसून तुला दिसतंय सगळं." मग आम्ही पावसापाण्याकडे वळतो.

आबांचं बोलणं खोटं नाही. पण साउदॅम्प्टनातून मला एक वेगळं रानही दिसतं. रेल्वेने पंधरा-वीस मिनिटांवर न्यू फॉरेस्ट आहे. भारतातून पाहुणे आले की आधी लंडन, मग स्टोनहेंज आणि शेवटच्या दिवशी न्यू फॉरेस्ट, असा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम असतो. या रानाचं नाव नवं असलं तरी वय साडेनऊशे वर्षांचं आहे. विल्यम द कॉन्कररने १०७९ च्या सुमारास ते शिकारीसाठी राखलं. त्याने त्यासाठी गावंच्या गावं आणि चर्चं पाडली, असं जुन्या बखरकारांनी लिहिलं. ही जमीन इतकी हलकी आहे की तिथे फारशी वस्ती मुळात नसावी, असं आजच्या इतिहासकारांना वाटतं. पण लोकांना शाप हवा होता आणि तो मिळालाही: विल्यमचे दोन मुलगे याच रानात मेले. त्यातला एक स्वतः राजा होता, राजा विल्यम दुसरा, म्हणजे रुफस. २ ऑगस्ट ११०० ला शिकारीत बाण लागून तो गेला. मिन्स्टेड गावाजवळ त्याच्या नावाचा दगड आहे. ही गोष्ट आबांना सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आन चांदोलीच्या लोकांचा शाप कुणाला लागला?" चांदोलीच्या जंगलातून उठवलेल्या गावांतले काही आमचे पाहुणे लागतात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी निराशाच झाली होती. जंगल म्हणजे झाडी, असं मला वाटायचं. इथे बरंचसं रान म्हणजे उघडा माळ: गुडघाभर वाढणारं हीदरचं झुडूप, ऑगस्टमध्ये जांभळं होणारं, मधे दलदल आणि तुटक तुटक ओक-बीचच्या राया. रानाच्या हद्दीवर रस्त्यात लोखंडी नळ्या आडव्या टाकल्यात. गाडी खडखडत त्यावरून गेली की आपण जनावरांच्या मुलखात शिरलो. तिथून पुढे रस्त्याला कुंपण नाही आणि ताशी चाळीस मैलांच्या वर जायचं नाही. घोडं रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं तर आपण थांबायचं. बर्लीमध्ये एकदा दोन गाढवांनी आम्हाला दहा मिनिटं अडवून धरलं, माझी मेहुणी त्यांच्याशी मराठीत भांडली तरी ती हलली नाहीत.

पाहुणे विचारतात, हे घोडे रानटी का? अजिबात नाहीत. एकेका घोड्याला मालक आहे. त्या मालकांना 'कॉमनर' म्हणतात. त्यांचा हक्क त्यांच्या नावावर नसून ते राहतात त्या घराजमिनीला चिकटलेला असतो. घोडी-गुरं चारायचा हक्क, सरपणाचा हक्क, पूर्वी जळणासाठी माती-गवताचे थर कापायचा हक्क, आणि मला सर्वांत आवडणारा म्हणजे डुकरं सोडायचा. शरदात ओकची बोंडं पडतात, ती हिरवी असताना घोड्यांना आणि गुरांना बाधतात, जीवही जातो. म्हणून किमान साठ दिवस डुकरं रानात सोडतात. बोंडं डुकरांना मानवतात. त्यांनी जमीन उकरू नये म्हणून नाकात कडी घातलेली असते. रानाची देखभाल करणारे पाच 'एजिस्टर' आहेत. आपापल्या भागातल्या घोड्यांच्या शेपटीचे केस ते ठरावीक नक्षीत कातरतात. शेपटी बघितली की घोडा कुठल्या भागातला आणि त्याची वर्षाची फी भरली आहे की नाही ते कळतं. आमच्याकडे गुरांच्या कानाला पिवळा बिल्ला असतो, तसंच, फक्त जास्त देखणं.

तर हा माळ माळ का राहिला? जनावरं चरतात म्हणून. चराई थांबली की काही वर्षांत झुडपं आणि झाडं चढतात, हीदर मरतं, त्यावर जगणारे पक्षी-किडे जातात. नऊ शतकांच्या दातांनी हे रान घडवलं. कासच्या पठारावरही हाच वाद झाला. जागतिक वारसा झाल्यावर गर्दी वाढली, जाळीचं कुंपण आलं, गुरं बाहेर राहिली. मग लक्षात आलं की गवत माजलं की फुलांना जागा उरत नाही. शेवटी ते कुंपण काढावं लागलं. आसपासच्या गावांतल्या कुठल्याही गुराख्याने हे आधीच सांगितलं असतं. त्याला विचारायची कुठे पद्धत आहे?

विचारायची पद्धत कशी असते ते मी लिंडहर्स्टला बघितलं. लिंडहर्स्ट हे रानाचं मुख्य गाव. तिथे 'व्हर्डरर्स कोर्ट', म्हणजे रानाचा कारभार बघणाऱ्या पंचांचं कोर्ट भरतं, महिन्यातून एका बुधवारी. मी मुद्दाम रजा टाकून गेलो. लाकडी बाकांची जुनी खोली, आणि भिंतीवर टांगलेली लोखंडी भलीमोठी रिकीब. जे कुत्रं त्या रिकिबीतून पार होईल एवढं लहान असेल तेच रानातल्या लोकांनी पाळावं, मोठ्याची नखं छाटावीत, कारण ते राजाचं हरीण धरेल, असा त्या रिकिबीचा इतिहास सांगतात. तिच्याखाली एक एजिस्टर उभा राहिला आणि त्याने खणखणीत आवाजात पुकारा केला: ज्या कुणाला काही मांडायचं असेल त्याने पुढे यावं, त्याचं ऐकलं जाईल. अक्षरशः गाऱ्हाणं. एक बाई उठली, ती एका पार्किंगमुळे माळ कसा तुडवला जातो त्यावर बोलली. मग एक म्हातारा ओढ्याच्या पाटाबद्दल बराच वेळ बोलला, कुणी त्याला थांबवलं नाही. उत्तर तिथल्या तिथे मिळत नाही, पण बोललेलं नोंदलं जातं. समोर बसणारे व्हर्डरर एकूण दहा. त्यातले पाच कॉमनरांनी मतदानाने निवडलेले.

मला वाटलं, ही मध्ययुगातून तशीच चालत आलेली परंपरा. तसं नाही. घरी येऊन वाचलं तेव्हा माझा चहा गार झाला.

इंग्रजांच्या आरमाराला ओक लागायचा. याच रानाच्या दक्षिणेला बकलर्स हार्ड नावाचं खेडं आहे, विटांच्या घरांच्या दोन रांगा आणि मधून थेट नदीत उतरणारी रुंद हिरवळ. तिथे जहाजं बांधत. आरमारी सेनानी नेल्सनचं 'ॲगामेम्नॉन' जहाज १७८१ मध्ये तिथूनच पाण्यात उतरलं. ओक पुरेना, तेव्हा आरमाराची नजर आपल्या सागावर गेली. १८०६ मध्ये मलबारच्या जंगलांवर अधिकारी नेमला गेला तो जहाजांच्या सागासाठी, आणि मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानी युद्धनौका बांधल्या. १८१७ ची 'ट्रिंकोमाली' अजूनही इंग्लंडात पाण्यावर आहे. इकडे न्यू फॉरेस्टमध्येही सरकारने माळ कुंपणात घेऊन लाकडाची लागवड चालवली होती. १८५१ च्या कायद्याने आणखी दहा हजार एकर घेरायची परवानगी सरकारला मिळाली. कॉमनर चिडले. त्यांच्या बाजूने जमीनदार उभे राहिले, रानाच्या सौंदर्यावर जीव असलेले लंडनकर उभे राहिले, आणि १८७७ मध्ये संसदेने कायदा केला: आता नवी कुंपणं नाहीत, आणि व्हर्डरर कोर्ट नव्याने उभं करायचं, ते कॉमनरांच्या मतांवर.

१८७७. आणि भारताचा वन कायदा कुठल्या सालचा? १८७८.

एका वर्षाच्या अंतराने त्याच राज्यकर्त्यांनी आपल्या रानात चराई, सरपण, राब यांची वहिवाट मोडून 'राखीव जंगल' केलं. घरी जे हक्क मानले, तेच बाहेर 'सवलत' ठरवले, म्हणजे सरकारला वाटलं तर द्यायच्या आणि वाटलं तर काढून घ्यायच्या. लंडनपर्यंत ओरड पोचेल असे लोक न्यू फॉरेस्टच्या कॉमनरांच्या पाठीशी होते. कोयनेच्या धनगराच्या पाठीशी कोण होतं? जोतीराव फुले होते. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी जंगल खात्याने गायरानं आणि डोंगर गिळून शेतकऱ्याच्या शेळ्या-मेंढ्यांना जागा ठेवली नाही, हे १८८३ मध्येच लिहून ठेवलंय. १९३० मध्ये बिळाशीत आणि चिरनेरात लोक जंगल सत्याग्रहाला उठले ते काही हवेतून नव्हे.

म्हणून इथले मराठी मित्र जेव्हा म्हणतात, "बघा, इंग्रजांनी निसर्ग कसा जपला, आपल्या लोकांना अक्कल नाही," तेव्हा मला राहवत नाही. इंग्रजांनी आपलं रान ज्या पद्धतीने जपलं, नेमकी ती पद्धत आपल्याकडे त्यांनी मोडली. आपण स्वतंत्र झाल्यावर त्यांचं घरचं उदाहरण न घेता त्यांचं वसाहतीतलं खातं चालू ठेवलं. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीचा २०११ चा अहवाल निदान एवढं म्हणत होता की काय राखायचं ते ग्रामसभांशी बोलून ठरवा. तो अहवाल लोकांसमोर यायला २०१२ उजाडलं. गावात पोचली ती अफवा. पुढच्या कस्तुरीरंगन समितीने उपग्रहाच्या चित्रांवरून गावांची यादी केली, आणि त्या यादीवर २०१४ पासून मसुद्यांवर मसुदे निघतायत. आबांचा राग डोंगर राखण्यावर नाही. डोंगर त्यांच्या देवाचा आहे, आमच्या देवराईतली वाळलेली फांदीही ते घरी आणत नाहीत. त्यांचा राग यादीवर आहे.

मात्र न्यू फॉरेस्टची आरती ओवाळायची माझी इच्छा नाही. घोडी पाळून इथे कुणाचं पोट भरत नाही, कॉमनर दिवसा दुसरी नोकरी करतात. रानातली घरं पेन्शनर आणि लंडनकर घेतात, कॉमनरांच्या पोरांना ती परवडत नाहीत. २००५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर किमती कमी झाल्या नाहीत हे सांगायला नको. रात्री गाड्यांखाली घोडी मरतात. आणि सुट्टीच्या दिवशी माळावर जी गर्दी उसळते तिच्यात मीही असतोच. ब्रॉकनहर्स्टला मी पाहुण्यांना मिरत रोडची पाटी दाखवतो. पहिल्या महायुद्धात जखमी भारतीय सैनिकांची रुग्णालयं या गावात होती, मेरठ डिव्हिजनवरून ते नाव पडलं. चर्चच्या आवारात, हजार वर्षांच्या यू वृक्षापासून जवळच, काही भारतीयांची थडगीही आहेत. पाहुणे फोटो काढतात, आम्ही चहा पिऊन घरी येतो. ही पर्यटकाची नजर आहे, तिच्या जोरावर आबांना शिकवायला जाऊ नये हे मला कळतं.

पण कायदा आपल्याकडेही आहे. २००६ चा वनहक्क कायदा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये त्याखाली सामूहिक हक्क मिळवले, अठराशे हेक्टरांवर. बांबू विकण्याचा वाहतूक परवाना २०११ मध्ये ग्रामसभेच्या हातात आला. त्यांचं जंगल उजाड झालं नाही. मग पाटणसारख्या तालुक्यांत हा कायदा का बोलला जात नाही? कारण आम्ही आदिवासी नाही, आणि बिगरआदिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे १३ डिसेंबर २००५ च्या मागे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. ते १९३० मध्ये जातं. डोंगरात गुरं चारणाऱ्या माणसाने त्या काळात कागद कशाचा करायचा? न्यू फॉरेस्टमध्येही कागदच लागतो बरं का. १८५८ च्या नोंदवहीत ज्या जमिनीचा हक्क मान्य झाला तिलाच तो आहे. फरक एवढाच की तिथे सरकारने बोलावून नोंद केली होती.

हे सगळं मी मागच्या रविवारी आबांना सांगितलं, जरा जास्तच वेळ. ते गप्प होते. मला वाटलं, लाइन गेली. मग म्हणाले, "थांब जरा." ट्रंक उघडल्याचा आवाज आला. आजोबांच्या वडलांच्या कागदांत एक पावती त्यांना आठवत होती: राखीव जंगलात बैल शिरले म्हणून कोंडवाड्यात दंड भरल्याची. मोडीत आहे, साल वाचता येत नाही. कराडला मोडी वाचणारे एक गुरुजी आहेत, बुधवारी तिकडे जाणार म्हणाले.